मुदखेडचा डबा, लातूरचा माल

लातूर, २० फेब्रुवारी १९८३

ती. मामंजींना उमादेवीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ह्यांचं नाही हे बघून घाबरू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. ह्यांच्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत खुर्च्या कमी आणि फायली जास्त, एवढंच काय ते दुखणं. सुनेनं सासऱ्याला थेट पत्र लिहायची आपल्या घरात रीत नाही, हे मला माहीत आहे. आजवर ह्यांच्या पत्रात तळाशी 'सौ.चा नमस्कार' एवढीच माझी जागा होती. पण आजची बातमी तेवढ्या जागेत मावत नाही.

येत्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा एक वर्षाचा होतो. त्यासाठी इथल्या एका शाळेत प्रदर्शन भरणार आहे. कुणीही आपल्या हातानं केलेली वस्तू मांडायची. ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आपल्या ओसरीवरची तुमची मालगाडी आली. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "बाबा खेळण्यातली गाडी घेऊन येणार आणि आमचे साहेब बघणार? राहू दे." मी राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुरम्माला बरोबर घेतलं आणि तुमचं नाव नोंदवून आले.

अट एकच आहे. वस्तूचा जिल्ह्याशी संबंध हवा. तुमचे डबे रिकामे धावतात, असं आत्याबाई नेहमी म्हणतात. तर त्यांत लातूरचा माल भरू. माल मी करते. निलंग्याला माहेरी शिवण शिकले आहे, हाताला बारीक कामाची सवय आहे. रागावला असाल तर उत्तर देऊ नका, मी समजून घेईन. पण द्याल तर बरं.

आपली
उमादेवी


मुदखेड, १ मार्च १९८३

चि. सौ. उमादेवीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "सून तुमाला लिहून राहिली? काय बिघडलं?" मी म्हटलं, बिघडलं काही नाही, गाडीला माल मिळाला. त्यावर म्हणाल्या, "एक येडं घरात होतं, आता दुसरं लातुरात बी हाय." त्यांचा आशीर्वादच समज.

मी जन्मभर मालगाडीचा गार्ड. सगळ्यात शेवटच्या डब्यात बसायचं, पुढे काय भरलंय ते वासावरून ओळखायचं. सरकी, पेंड, किनवटकडचं सागवान, ओला कोळसा. निवृत्त झाल्यावर गाडी केली ती हौसेनं. डालड्याच्या पत्र्याचे डबे, छत्रीच्या काड्यांचे रूळ, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर. पण माल करायला बोटं लागतात, ती माझ्याकडे नाहीत. माझी बोटं झेंडीच्या दांड्यावर घडलेली.

आता मालाबद्दल. एक, माल डब्यात चिकटवायचा नाही. पुठ्ठ्याच्या तळावर रचायचा म्हणजे सबंध उचलून काढता येतो, घालता येतो. खरी गाडी भरते तशी रिकामीही झाली पाहिजे. दोन, मालाला वजन हवं. हलका डबा वळणावर उडी मारतो. आणि चमकी, रंगीत कागद काही लावू नकोस, माल मालासारखा दिसू दे. मापाचं वेगळं सांगत नाही. वर्षभर ओसरी झाडली-पुसलीस, डबे तुझ्या नजरेतलेच आहेत.

अण्णाला सांग, त्याच्या साहेबांना बघायचं नसेल तर त्यांनी डोळे मिटावेत.

हणमंतराव


लातूर, १८ एप्रिल १९८३

ती. मामंजींना नमस्कार.

मापाची काळजी करू नका. माप मी घेतलं. बाकीचं ऐका, कारण मला आता भांडी घासतानासुद्धा डबेच दिसतात.

तुरीच्या डाळीची पोती केली. ह्यांच्या जुन्या धोतराचं कापड चहाच्या पाण्यात रंगवलं, बोटाच्या पेराएवढी पोती शिवली, आत बारीक वाळू भरली. म्हणजे वजनाची तुमची अटही पुरी झाली. पोत्याचं तोंड खऱ्यासारखं सुतळीनं शिवायचं तर सुतळी जाड पडते, म्हणून तिचा एकेक धागा सुटा केला. सरकीची पेंड करायला खरीच पेंड आणली, भिजवून कोटाच्या मोठ्या खोलगट बटणांत दाबली आणि चकत्या वाळवल्या. मुंग्या लागल्या. परत केल्या, ह्या वेळी डिंकात घोळून. कापसाच्या गासड्या काड्यापेटीत दाबून तारेनं बांधल्या. ऊस म्हणून खराट्याच्या काड्या, तेलाच्या पिंपांना रिकामी रिळं.

गुरम्मा आमच्या शेजारची. कानडी मुलखातली, तिचं अर्धं बोलणं कानडीत आणि अर्धं आपल्यात. ती रोज येऊन बसते. काल एक गासडी हातात घेऊन म्हणाली, "अय्यो, ही तर जिनिंगातली हाय की. वास बी तसाच येतंय." तो वास काड्यापेटीचा होता, पण मी तिला सांगितलं नाही.

इकडे नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. गावाकडे विहिरींना तळ दिसतो म्हणतात. निलंग्याहून दादाचं पत्र आलं, बैल बाजारात नेले तर कुणी विचारत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीची, मिलोची भाकरी आठवते. ती मिलो कुठून यायची? तुमच्याच गाडीतून का?

आपली
उमादेवी


मुदखेड, ५ मे १९८३

चि. सौ. उमादेवीस आशीर्वाद.

हो, आमच्याच गाड्यांतून. मुदखेडला मिलो उतरायची तेव्हा हमालांच्या लोखंडी आकड्यांनी पोती फाटायची आणि दाणे डब्याखाली रुळांत सांडायचे. आजूबाजूच्या बाया खराटे घेऊन टपलेल्या असायच्या. डब्याखाली शिरून खडीतला एकेक दाणा गोळा करायच्या. ड्रायव्हर पुढून शिट्टीवर शिट्टी मारायचा. मी झेंडी काखेत धरून उभा. शेवटची बाई बाहेर आली आणि तिनं पदर झटकला की मग हिरवी दाखवायची. उशीर का झाला म्हणून वर लिहून द्यावं लागायचं. मी लिहायचो, 'मार्गात अडथळा.' त्या बायांना अडथळा म्हटलं हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला खराट्यानं झोडपलं असतं.

तेव्हा मिलोचा एक डबा पाहिजेच. आणि फाटकं पोतं पाहिजे.

आता एक पंचाईत. प्रदर्शनवाल्यांचं पत्र आलंय की मांडणाऱ्यानं पाहुण्यांना वस्तू समजावून सांगायची आहे. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही. माझी सगळी नोकरी शिट्टी, कंदील आणि झेंडीवर झाली. माझ्या स्वतःच्या लग्नात नाव घ्या म्हणाले तर मी खोकत बसलो होतो, विचार आत्याबाईंना. मी गप्प उभा राहिलो तर लोक हसून पुढे जातील आणि अण्णाचं म्हणणं खरं होईल. एवढी गाडी केली, ती एकदा चार लोकांनी नीट समजून बघावी, एवढीच माझी इच्छा आहे. म्हणून तू बोल. पत्रात तर बरी बोलतेस.

हणमंतराव


लातूर, २० मे १९८३

ती. मामंजींना नमस्कार.

मी? तुमच्यासमोर?

मामंजी, लग्न झाल्यापासून तुमच्यासमोर माझ्या तोंडून 'चहा' एवढासुद्धा शब्द गेलेला नाही. कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या, म्हणजे तुम्हाला कळायचं. रीत तुम्ही घातली नाही आणि मीही नाही, पण ती घशात बसली आहे. पत्रात बोलते कारण इथे तुम्ही दिसत नाही. तुम्ही शेजारी उभे असाल तर मला डोक्यावरचा पदर सोडून दुसरं काही सुचणार नाही. काल आरशासमोर प्रयत्न केला. "ही पाहा तुरीची पोती," एवढं म्हटलं आणि मागे तुम्ही उभे आहात असं मनात आणलं. झालं, वाचा बसली.

दुसरं कुणी बघा. ह्यांना विचारलं तर 'बघू' म्हणतात. ह्यांचं 'बघू' तुम्हाला माहीत आहे.

माल मात्र तयार आहे. पेटीत कापूस घालून नांदेडच्या एस.टी.नं पाठवते आहे, स्टँडवरून उतरवून घ्या. मिलोचं एक पोतं फाटकं आहे. सांडलेले दाणे म्हणजे गेरूत घोळलेली खसखस. उघडलं की लगेच कळवा, मला धीर नाही.

आपली
उमादेवी


मुदखेड, ८ जून १९८३

चि. सौ. उमादेवीस आशीर्वाद.

माल उघडला. आधी गोड बोलतो. असं काम मी बघितलेलं नाही. मिलोचं फाटकं पोतं बघून तुझ्या आत्याबाई खालीच बसल्या. "आवं, हे तर आपल्या गोदामातलं," म्हणाल्या. त्या दिवसापासून गाडीला खेळणं म्हणणं बंद आहे.

आता कडू. एकही माल डब्यात बसत नाही. लांबीला जास्त, रुंदीला कमी. मी उभा घातला, तिरका घातला, आडवाही घालून बघितला. बाई, हे माप कुठल्या डब्याचं घेतलंस? डिंक असा बसलाय की कापायला गेलो तर सगळं फुटेल, आणि ते माझ्यानं होणार नाही. कालपासून पेटी समोर घेऊन बसलोय.

हणमंतराव


लातूर, १४ जून १९८३

ती. मामंजींना नमस्कार.

पत्र वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं. ते जाऊ दे. आता खरं लिहिते.

मी तुमचे डबे कधी पाहिलेलेच नाहीत. तुम्ही ओसरीवर असलात की मी खाली मान घालून जायची. पदराआडून चाकं तेवढी दिसायची, डबा दिसायचा नाही. तुम्ही बाहेर गेलात की गाडीवर चादर, आणि चादरीला हात लावायचा नाही असा घरात हुकूम. मी झाडलं ते चादरीच्या खाली. तुम्ही 'डबे तुझ्या नजरेतलेच' असं इतकं ठासून लिहिलंत, मग पाहिले नाहीत असं कसं सांगू? तेही बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून गुरम्माला घेऊन लातूरच्या स्टेशनात गेले. मालधक्क्यावर डबा उभा होता. दोऱ्याला गाठी मारून लांबी-रुंदी घेतली आणि तुम्ही मागे एकदा ह्यांना सांगत होतात त्या हिशेबानं, फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, अशी लहान केली. तिथल्या पहारेकऱ्यानं हटकलं तर गुरम्मा म्हणाली, "डब्याला झबलं शिवून राहिलोत." तो हसत निघून गेला.

मला वाटलं, डबा म्हणजे डबा. लातूरचा काय आणि मुदखेडचा काय.

पण रडून झाल्यावर एक विचार आला. माल कापू नका. मी मुदखेडच्या मापाचा दुसरा माल करते, आणि तुम्ही लातूरच्या मापाचे डबे करा. दोन गाड्या होतील. फक्त एक सांगा, तुमचे रूळ आणि आमचे रूळ खऱ्या जगात कुठे एकत्र येतात का? येत असतील तर आपण वाचलो.

आपली
उमादेवी


मुदखेड, २२ जून १९८३

चि. सौ. उमादेवीस आशीर्वाद.

येतात! मिरजेला.

पत्र वाचून मी चप्पल न घालताच स्टेशनात जाऊन आलो, जुन्या लोकांकडून खात्री करून घ्यायला. तुझी लातूरची गाडी नॅरोगेज, अरुंद रुळांची, डबे लांबट पण चिंचोळे. माझी मुदखेडची मीटरगेज, तिच्याहून रुंद. दोन्ही आपापल्या वाटेनं गावं घेत घेत मिरजेला जातात. तिथे एका बाजूला ही, एका बाजूला ती, मध्ये फलाट. एकीचा माल दुसरीत जात नाही, कारण डबे वेगळे, रूळ वेगळे. तो हमालांनी खांद्यावर घेऊन न्यायचा. मी जन्मात लातूरला रेल्वेनं आलो नाही, पण तुझा माल मिरजेला माझ्या गाडीला भेटतो. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. तू चुकलीस म्हणून सुचलं.

तर मधोमध मिरजेचा फलाट. अरुंद गाडीतून लातूरची डाळ, पेंड, गासड्या बाहेर निघाल्यात. रुंद गाडीतून दुष्काळाचा माल येतोय, कडबा आणि मिलो. फाटकं पोतं फलाटावर, अगदी मध्ये. मिलो तेव्हाची आणि कडबा आताचा हे मला कळतं, पण फलाट तोच असतो.

लातूरचे डबे कापायला घेतले आहेत. आत्याबाईंनी तुपाचा रिकामा डबा आपणहून आणून दिला. बरोबर दोरा पाठवतोय, माझ्या डब्याच्या गाठी मारून. लाल गाठ लांबीची, पांढरी रुंदीची. ह्या वेळी कुणाच्याही नजरेवर सोडलेलं नाही.

बोलायचं तुझ्याकडेच आहे. दुसरं कुणी नाही. मी गाडी सोडायला माझी हिरवी झेंडी आणतो, तेवढं मला जमतं.

हणमंतराव


लातूर, ५ ऑगस्ट १९८३

ती. मामंजींना नमस्कार.

कडब्याचे दोन डबे आणि मिलोचा एक, दोऱ्याच्या गाठींना लावून तयार. कडब्याला कुसळी गवत कापलं, बोटाएवढ्या पेंढ्या बांधल्या. दादानं निलंग्याहून निरोप दिला की चाऱ्याची गाडी आली, बैल राहिले. तेव्हापासून पेंढ्या बांधताना हात आपोआप चालतो.

ह्यांनी काल जेवताना विचारलं, "फलाटावर हमाल कोण करतंय?" मी म्हटलं, कुणीच नाही. मग स्वतःच तारेचे हमाल करत बसले. एकाचं डोकं मोठं झालं आहे, हसू नका.

माझं बोलणं अजून आरशातच आहे. गुरम्मासमोर सगळं घडाघडा म्हणते. तुमचा फोटो समोर ठेवला की 'पाहा' वर थांबते. तुम्ही इतक्या लांबून याल, गाडी मांडाल, आणि मी थिजून उभी राहीन. लोक हसतील ते तुम्हाला. ह्याचीच मला भीती वाटते. दुसरी कशाची नाही.

आपली
उमादेवी


मुदखेड, २० ऑगस्ट १९८३

चि. सौ. उमादेवीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गाड्या पेटीत, पेटी मांडीवर, कंडक्टर म्हणाला खाली ठेवा, मी ऐकलं नाही.

परत निघताना तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. स्टँडवर तू पुन्हा पदर घेऊन उभी आणि मी पुन्हा बसच्या पाटीकडे बघत. म्हणून लिहितो. तुला तुझं बोलणं आठवत असेल, पण ते दिसलं कसं, ऐकू आलं कसं, ते तुला कसं कळणार?

पाहुणे आपल्या टेबलापाशी आले. अण्णाचे साहेबही होते. त्यातले एक म्हणाले, "वाढदिवसाला कडबा कशाला मांडलाय?" सगळे हसले. तू पदर ओढून खाली बघत होतीस. अण्णा माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता आपणच बोलावं. तोंड उघडलं आणि खोकलाच आला. माणसं पुढच्या टेबलाकडे वळायला लागली.

गाडी सोडायला आणलेली झेंडी माझ्या काखेत होती. मी ती काढली आणि इंजिनाला दाखवायच्या ऐवजी तुला दाखवली. दुसरं मला येतच नाही. तू झेंडीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. सरळ तोंडाकडे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

आणि मग म्हणालीस, "साहेब, जरा थांबा. ही लातूरची गाडी हाय, हिच्यात आपली डाळ जाऊन राहिली. ही मुदखेडची, हिच्यात आपल्याला चारा येऊन राहिला. जिल्हा नवा झाला तरी रूळ जुनेच हायेत. आपण पाठवायचं आन् कुणीतरी आपल्याला पाठवायचं. हा कडबा न्हाई आला तर पुढल्या वर्षी ही डाळ कुठून भरायची?" मग तू मिलोचं फाटकं पोतं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलंस. त्या गृहस्थांनी खसखशीचे दाणे बोटानं चाचपले. "आमच्या आईनं ह्याच भाकरी थापल्या," असं म्हणाले आणि वाकून एकेक डबा बघायला लागले. त्यांच्यामागे रांग लागली. अण्णा प्रत्येकाला सांगत होता, हमाल मी केलेत.

मी मात्र गाडी सोडायचीच विसरलो. ऐकत होतो. आवाज खणखणीत आहे तुझा, शेवटच्या डब्यापर्यंत पोचेल असा. वर्षभर तू माझ्या घरात होतीस. तुझ्या बांगड्या मी ओळखतो, पावलं ओळखतो, आवाज मला ठाऊकच नव्हता. ह्याचं मला फार वाईट वाटलं. आणि आनंद इतका झाला की एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत आलो, "आमची सून बोलली."

आत्याबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मला तर पैल्यापासून ठावं हाय. मागच्या खोलीत ती दिवसभर बोलायची. तुमीच तिथं नव्हते."

दिवाळीला दोघं या. मी एक नवा उघडा डबा करायला घेतलाय. पुढे काय भरायचं ते तू ठरव. ओसरीवरची चादर काढून टाकली आहे. माप ह्या वेळी पाठवत नाही, दोराही नाही. ये, आणि स्वतः बघून घे.

हणमंतराव